ताटातील तेल-तूप, प्रथिनांचा पुढचा प्रवास आणि हृदय: पुण्यातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

स्निग्ध पदार्थ आणि हृदयरोग यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे कोलेस्टेरॉलपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच संपते. ते नाते खरे आहे. तूप-लोण्यात विपुल असलेल्या संपृक्त मेदाम्लांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढते आणि वाढलेले एलडीएल हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत साचते, याविषयी आता शंका उरलेली नाही. परंतु त्याच ताटातील आमटी, उसळ, दूध, अंडे किंवा मासा यांतून आलेल्या प्रथिनांचे शरीरात पुढे काय होते, हेसुद्धा त्या तेला-तुपाच्या प्रमाणावर आणि जातीवर अवलंबून असते. ही बाजू सामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही आणि जी पोहोचते ती अनेकदा उलट्या अर्थाने पोहोचते. ‘रक्तात अमिनो आम्ले (म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक) वाढली की हृदयाला धोका’ असे वाचून आपल्या ताटात आधीच अपुरी असलेली प्रथिने आणखी कमी करणारी माणसे आहेत, तर दुसरीकडे त्याच अमिनो आम्लांची भुकटी डब्यांनी विकत घेणारी तरुण मुलेही आहेत. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. प्रथिने पुरेशी ठेवावीत, स्निग्ध पदार्थांचे प्रमाण आणि जात बदलावी, जीवनसत्त्व बी१२ची उणीव भरून काढावी आणि स्नायूंना रोज काम द्यावे, असा या लेखाचा आग्रह आहे. पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी शरीरात नेमके काय घडते ते पाहू, कारण कारण कळले की पथ्य टिकते.

प्रथिने आणि मेद यांची गाठ कोठे पडते

ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात, शरीर ती तयार करू शकत नाही. व्यायामशाळेत ‘बीसीएए’, म्हणजे शाखायुक्त अमिनो आम्ले, म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ती हीच. इतर बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन प्रामुख्याने यकृतात सुरू होते; या तिघांच्या विघटनाची पहिली पायरी मात्र मुख्यतः स्नायूंत पार पडते आणि पुढच्या, निर्णायक पायरीवर एक विकरसंकुल, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा संच, काम करते. वजन वाढून इन्सुलिन-प्रतिरोध निर्माण झाला, म्हणजे पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या, की यकृतात आणि मेदपेशींत हे विकरसंकुल मंदावते. परिणामी प्रथिने तेवढीच खाल्ली तरी रक्तातील या तीन आम्लांची पातळी चढू लागते. स्थूल व्यक्तींच्या रक्तात ती वाढलेली असतात, हे निरीक्षण १९६९ सालापासून नोंदलेले आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून २०११ साली असे दिसले, की रक्तातील साखर सामान्य असतानाच ज्यांच्या रक्तात ही तीन आणि टायरोसीन व फिनाइलॲलॅनीन ही आणखी दोन अमिनो आम्ले चढलेली होती, त्यांना पुढील १२ वर्षांत मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक होता. मधुमेह हा हृदयविकाराच्या वाटेवरील मोठा टप्पा आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मग दोष अमिनो आम्लांचा की मेदाचा? २००९ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील एक प्रयोग या प्रश्नाचे फार नेमके उत्तर देतो. मेदयुक्त खाद्यात ही तीन आम्ले मिसळून दिली, तेव्हा त्या उंदरांनी खाद्य कमी खाल्ले आणि त्यांचे वजनही फारसे वाढले नाही. तरीही केवळ मेदयुक्त खाद्य खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांइतकाच इन्सुलिन-प्रतिरोध त्यांच्यात निर्माण झाला. तीच आम्ले साध्या, कमी मेदाच्या खाद्यात मिसळून दिली तेव्हा मात्र तसे काही घडले नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अमिनो आम्ले एरवी निरुपद्रवी असतात, मेदाचा भार असताना त्यांची गर्दी त्रासदायक ठरते. २०१६ साली या चित्रात आणखी एक दुवा जोडला गेला. व्हॅलीनच्या विघटनातून स्नायूंत तयार होणारा एक उपपदार्थ रक्तवाहिन्यांच्या आतील थरातून मेदाम्लांना स्नायूत जाण्यास मदत करतो आणि तो अति झाला की स्नायूत मेद साचून इन्सुलिनचे काम बिघडते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

दुसरी गाठ सेरीन या अमिनो आम्लाशी पडते. तूप, लोणी आणि पामतेल यांत विपुल असलेले पामिटिक आम्ल पेशींत सेरीनशी जोडले जाते आणि त्यातून सेरामाइड नावाचे पदार्थ तयार होतात. सेरामाइड इन्सुलिनचा संदेश अडवतात आणि रक्तातील त्यांची पातळी हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूच्या धोक्याशी निगडित असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१८ सालच्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या ३८ व्यक्तींना ३ आठवडे रोज १,००० उष्मांक जास्तीचे देण्यात आले. ते संपृक्त मेदातून मिळालेल्यांच्या यकृतातील चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून मिळालेल्यांची ३३ टक्क्यांनी, तर असंपृक्त मेदातून मिळालेल्यांची अवघी १५ टक्क्यांनी वाढली. आणि रक्तातील सेरामाइड केवळ संपृक्त मेद खाणाऱ्यांत वाढले. उष्मांक सारखे असूनही मेदाच्या जातीने एवढा फरक पडतो.

तिसरी गाठ पुण्याच्या दृष्टीने सर्वांत जवळची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबावे लागेल. मेथिओनीन या अमिनो आम्लाचा वापर होताना होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो पुन्हा मेथिओनीनमध्ये परतवण्यासाठी बी१२ आणि फोलेट लागते, तर दुसऱ्या वाटेने त्याची विल्हेवाट लावण्यासाठी बी६ लागते. ही जीवनसत्त्वे अपुरी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचते आणि त्याच्या वाढलेल्या पातळीचा संबंध हृदयविकाराशी आढळला आहे. यकृत आपल्यातील चरबी रक्तात पाठवताना तिच्या वेष्टनासाठी फॉस्फॅटिडिलकोलीन बनवते. त्याच्या एका वाटेवर प्रत्येक रेणूमागे होमोसिस्टीनचे ३ रेणू बाहेर पडतात. म्हणजे यकृतावरील मेदाचा भार आणि होमोसिस्टीन यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो. त्याहून लक्षणीय म्हणजे व्हॅलीन आणि आयसोल्युसीन यांच्या विघटनाच्या शेवटच्या टप्प्यांत पुन्हा बी१२च लागते. बी१२ची कमतरता असलेल्या माणसाच्या शरीरात अशा रीतीने अमिनो आम्लांच्या दोन वेगवेगळ्या वाटा एकाच वेळी अडतात.

पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांत ग्रामीण भागातील, शहरातील झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुष होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरांत, हे प्रमाण अनुक्रमे ८१ आणि ७९ टक्के होते. याज्ञिकांनीच २००४ साली ‘सडपातळ दिसणारा, पण शरीरात चरबी अधिक असलेला भारतीय’ ही कल्पना ब्रिटिश सहकाऱ्यासोबतच्या स्वतःच्या छायाचित्राद्वारे जगासमोर ठेवली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) सारखाच असूनही याज्ञिकांच्या शरीरातील चरबी त्या सहकाऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक होती. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, की पुणेकर मध्यमवर्गीय माणसाने केवळ वजनकाट्यावर विसंबून का राहू नये, हे ध्यानात येते.

आणखी दोन वाटा थोडक्यात सांगतो. आर्जिनीन या अमिनो आम्लापासून रक्तवाहिन्यांच्या आतील थरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि वाहिन्या सैल राहतात. या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ साली नोबेल पुरस्कार मिळाला. १९९७ सालच्या एका छोट्या प्रयोगात ५० ग्रॅम मेद असलेल्या एकाच जेवणानंतर निरोगी व्यक्तींच्या धमन्यांची रुंदावण्याची क्षमता सुमारे ४ तासांपर्यंत मंदावलेली आढळली. दुसरी वाट आतड्यांतील जीवाणूंची. लाल मांसातील कार्निटीन आणि अंड्याच्या बलकातील कोलीन यांपासून जीवाणू जो पदार्थ तयार करतात त्याचे यकृतात टीएमएओ नावाचे संयुग होते, तर फिनाइलॲलॅनीनपासून अशाच मार्गाने फिनाइलॲसिटिलग्लुटामिन तयार होते. दोहोंचा संबंध हृदयविकाराशी आढळला आहे. अतिमेदयुक्त आहाराने आतड्याच्या अस्तराचे काम बिघडते आणि टीएमएओकडे नेणाऱ्या जीवाणूंना अनुकूल वातावरण मिळते, असे २०२१ साली उंदरांत दाखवले गेले.

पहिली पायरी: घरातील तेलाचा महिन्याचा हिशेब

‘आमच्याकडे तेल कमीच असते’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते, म्हणून अंदाजावर न जाता मोजणीवर जावे. तेलाचा कॅन फोडला की त्यावर तारीख लिहावी आणि तो संपला की पुन्हा लिहावी. १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल जाते. त्यात तूप, लोणी, साय आणि बाहेरचे खाणे अजून धरलेलेच नाही. बैठे काम करणाऱ्या प्रौढाने वरून घातलेले तेल, तूप आणि लोणी मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहावे, असे उद्दिष्ट ठेवणे योग्य. म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन लिटरपेक्षा अधिक स्निग्ध पदार्थ लागू नयेत आणि त्यात तूपही आले.

हे प्रमाण गाठण्यासाठी सर्व पदार्थ बेचव करण्याची गरज नाही. दिवसाचे तेल सकाळीच एका वाटीत मोजून काढून ठेवावे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यातच बसवावा. पहिल्या आठवड्यात ते अपुरे वाटेल. फोडणी आधी करून तीत भाजी परतण्याऐवजी भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी आणि शेवटी थोड्या तेलाची फोडणी वरून द्यावी. यात तेल निम्म्याने कमी लागते आणि स्वादही वर राहतो. मोजमाप स्वयंपाक करणाऱ्या एकट्या व्यक्तीवर सोपवू नये, घरातील प्रत्येकाने त्यात लक्ष घालावे.

दुसरी पायरी: कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या करू नयेत

अमिनो आम्लांची संपूर्ण तपासणी काही प्रयोगशाळांत होते, परंतु ती प्रामुख्याने बालकांतील जन्मजात चयापचयविकारांसाठी असते. हृदयविकाराच्या धोक्यासाठी तिच्यावर पैसे खर्च करू नयेत, कारण आलेल्या आकड्यावरून उपचार बदलण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. इन्सुलिन-प्रतिरोधाची चाहूल त्याहून स्वस्त मार्गांनी लागते. बेंबीच्या पातळीवर टेपने मोजलेला कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर असेल, उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) १५० मिग्रॅच्या वर असेल किंवा एचबीए१सी (रक्तातील साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी) ५.७ टक्क्यांच्या पुढे गेले असेल, तर अमिनो आम्लांची वाटही बिघडू लागली असण्याची शक्यता धरून चालावे. त्यांच्या जोडीला लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची रक्ततपासणी), रक्तदाब आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिकतेने ठरणारा, एलडीएलसारखा कण) ही तपासणी करावी. घरात वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर हे सारे तिशीतच करून घ्यावे.

बी१२ची तपासणी पुण्यातील प्रत्येक शाकाहारी प्रौढाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवाल बहुधा पिकोग्रॅममध्ये येतो आणि त्यात २००च्या खालचा आकडा कमतरता दाखवतो. होमोसिस्टीनची पातळी १५ मायक्रोमोलपर्यंत सामान्य धरतात. या तपासणीचा नमुना घेताना एक दक्षता महत्त्वाची आहे. रक्त काढल्यावर नळी तशीच ठेवली तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. नमुना बर्फात ठेवला जातो का आणि तासाभरात पेशी वेगळ्या केल्या जातात का, हे आधी विचारावे. घरी येऊन नमुना नेणारी व्यक्ती आणखी अनेक घरे करून प्रयोगशाळेत पोहोचणार असेल, तर या एका तपासणीसाठी स्वतः प्रयोगशाळेत जाणे बरे.

होमोसिस्टीनबाबत अतिउत्साह मात्र नको. जीवनसत्त्वांनी ते खाली येते, पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात असे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५,५०० हून अधिक रुग्णांच्या ‘होप-२’ चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण काहीसे घटले, हृदयविकाराचे मात्र घटले नाही. म्हणून कमतरता असेल तर ती भरून काढावी आणि तेवढ्याने हृदय सुरक्षित झाले असे समजून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नये.

तिसरी पायरी: तेला-तुपाची जात बदलणे

तुपातील सुमारे ६० ते ६५ टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, खोबरेलात सुमारे ९० टक्के, पामतेलात सुमारे ५० टक्के; शेंगदाणा तेलात ती २० टक्क्यांच्या आसपास आणि करडईच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास असतात. महाराष्ट्राच्या पठारावरील ही दोन पारंपरिक तेले, करडई आणि शेंगदाणा, रोजच्या स्वयंपाकासाठी पुरेशी चांगली आहेत आणि त्यांसाठी परदेशी ऑलिव्ह तेलाकडे जाण्याचे कारण नाही. महिन्याआड तेल बदलत राहिल्यास दोहोंचे गुण मिळतात. घाण्यावरचे तेल स्वादाला उत्तम असते, तथापि त्यातील संपृक्त मेदाचे प्रमाण गाळीव तेलाइतकेच असते आणि उष्मांकही तेवढेच, म्हणून ते ‘नैसर्गिक’ आहे या समाधानात हात सैल सोडू नये. ओमेगा-३ मेदाम्लांसाठी जवसाची चटणी रोज चमचाभर जेवणात असावी.

तुपाविषयी आपल्या मनात आदर आहे आणि हल्ली त्याला औषध ठरवणारी मते सर्वत्र ऐकू येतात. वरणभातावर चमचाभर तूप घेणाऱ्या, एरवी मोजके खाणाऱ्या माणसाने ते सोडावे असे मी म्हणणार नाही. परंतु एका चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, सुमारे ३ ग्रॅम संपृक्त मेद असतो आणि २,००० उष्मांकांच्या आहारात संपृक्त मेदाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा, एकूण उष्मांकांच्या १० टक्के, दिवसाला सुमारे २२ ग्रॅम होते. पोळीला दोन्ही बाजूंनी तूप, भातावर तूप आणि सणाला पुरणपोळीवर तुपाची धार, असा दिवस या मर्यादेत बसत नाही. ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे त्यांनी तुपाचा चमचा दिवसातून एकावर आणावा.

वनस्पती तूप घरात अजिबात आणू नये. भारतात जानेवारी २०२२ पासून तेलांतील आणि वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्सफॅटवर २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली आहे, ही समाधानाची गोष्ट; पण संपृक्त मेद त्यात भरपूरच असतो. खारी, नानकटाई आणि पफ यांचा कुरकुरीतपणा बहुधा अशाच घट्ट स्निग्ध पदार्थांतून येतो. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ‘पामोलीन’ किंवा ‘खाद्य वनस्पती मेद’ पहिल्या दोन-तीन शब्दांत दिसले, तर ते पाकीट परत ठेवावे.

चौथी पायरी: दूध, साय आणि बी१२

पुण्यातील शाकाहारी घरात बी१२चा मुख्य स्रोत दूध आणि दही हाच असतो, आणि संपृक्त मेदाचा एक मोठा स्रोतही तोच असतो. म्हशीच्या दुधात मेदाचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास असते. अर्धा लिटर दूध सायीसकट घेतले, तर सुमारे ३२ ग्रॅम मेद आणि त्यातील जवळपास २० ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. दिवसाची मर्यादा दुधातच संपली! मग दूध सोडावे का? नाही. बी१२ पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आहे, ते सायीत न जाता दुधात राहते. दूध तापवून पूर्ण थंड करावे, साय काढून घ्यावी आणि खालचे दूध प्यावे किंवा विरजावे. दोनदा साय काढल्यास मेद बराच उतरतो, बी१२ आणि प्रथिने मात्र ताटात येतात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पिशवीवर ‘टोन्ड’ किंवा ‘डबल टोन्ड’ लिहिलेले दूध घ्यावे. तेच दूध दिवसभर पुन्हा पुन्हा उकळत राहू नये, कारण उकळीबरोबर थोडे बी१२ नष्ट होते. दही आणि ताक यांचा हृदयविकाराशी प्रतिकूल संबंध अभ्यासांत दिसत नाही, लोण्याइतके तर नाहीच, म्हणून जेवणातील वाटीभर दही निश्चिंतपणे चालू ठेवावे. काढलेल्या सायीचे लोणी-तूप करून पुन्हा त्याच माणसांच्या पोटात गेले, तर ही सारी खटपट वाया जाते, हेही लक्षात असू द्यावे.

रक्तातील बी१२ २००च्या खाली गेले असेल तर केवळ दुधाने ते लवकर भरून येत नाही. गोळी किंवा इंजेक्शन यांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी१२ अधिक घटते, त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी. बी१२ न तपासता फक्त फॉलिक ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिने रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांना होणारी इजा मात्र लपून चालूच राहते.

पाचवी पायरी: प्रथिने कमी न करता नीट मांडणे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. पोळी-भाजी, पातळ आमटी आणि भात अशा जेवणात ती सहज भरत नाहीत, कारण पातळ आमटीच्या वाटीत डाळ फारच थोडी असते. वाटीभर घट्ट उसळीतून ७ ते ८ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम, ग्लासभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम आणि ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. धान्यांत लायसीन कमी आणि डाळींत मेथिओनीन कमी असल्याने ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. सकाळी मूग-डाळीचे घावन आणि ताक, दुपारी भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि दही, सायंकाळी मूठभर भाजलेले फुटाणे, रात्री घट्ट वरण आणि कमी भात किंवा पिठलं-भाकरी, असा दिवस सहज ५० ग्रॅमच्या जवळ जातो. मासे खाणाऱ्यांनी ते तळण्याऐवजी कालवणात घ्यावेत. पनीर मात्र केवळ प्रथिने म्हणून मोजू नये. १०० ग्रॅम पनीरमध्ये प्रथिनांइतका किंवा त्याहून अधिक मेद असतो.

बीसीएएची भुकटी घेणाऱ्या तरुणांसाठी इतकेच सांगेन की पुरेशी प्रथिने खाणाऱ्याला तिची गरज नसते, आणि मेदयुक्त आहारावर तीच आम्ले वरून ओतण्याचा परिणाम वर सांगितलेल्या प्रयोगात दिसलाच आहे. उलट टोकाला, प्रथिनांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या २२ टक्क्यांवर गेल्यास ल्युसीनमुळे धमन्यांतील विशिष्ट पेशी उद्दीपित होतात, असे २०२४ सालच्या एका संशोधनात दिसले. आपल्या नेहमीच्या ताटाला ती मर्यादा गाठणे कठीणच आहे. ‘रक्तवाहिन्या मोकळ्या करण्यासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आर्जिनीनच्या गोळ्या हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी कदापि घेऊ नयेत. २००६ सालच्या अशा एका चाचणीत आर्जिनीन घेणाऱ्या गटात ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

सहावी पायरी: मिसळ, वडे आणि उपवास

मिसळीतील मटकी हा उत्तम पदार्थ आहे. अडचण वर तरंगणाऱ्या तर्रीची आणि मूठभर फरसाणाची आहे. तर्री वेगळ्या वाटीत मागवावी, फरसाण निम्मे करण्यास सांगावे आणि दुसऱ्या पावाऐवजी दह्याची वाटी घ्यावी. वडापाव, भजी आणि समोसे यांबाबत तेल किती वेळा तापले आहे हा खरा प्रश्न असतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही, पण ग्राहकाला ते डोळ्यांनी मोजता येत नाही. काळपट, चिकट आणि फेसाळणारे तेल दिसले की तेथून निघावे. घरातही तळणीचे तेल पुन्हा तळणीसाठी वापरू नये.

उपवासाचा दिवस अनेक घरांत प्रत्यक्षात मेदाचा आणि पिष्टाचा दिवस ठरतो. साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात आणि तळलेले वडे किंवा तुपाळ खिचडी सायंकाळपर्यंत दोनदा होते. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक आणि फळे एवढ्यावर एकादशी किंवा संकष्टी नीट पार पडते.

सातवी पायरी: स्नायूंना काम

तीन शाखायुक्त अमिनो आम्ले स्नायूंत वापरली जातात, म्हणून त्यांच्या वाटेतील गर्दी कमी करण्याचा सर्वांत थेट उपाय व्यायाम हाच आहे. शिवाय व्यायामाने इन्सुलिनचे काम सुधारते. जेवणानंतरची शतपावली प्रत्यक्षात १० ते १५ मिनिटांची करावी, कारण जेवणानंतरची साखर त्याच वेळी चढत असते. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या यांपैकी जे घराजवळ असेल तेथे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास धाप लागेल अशा वेगाने चालावे. त्यासोबत आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर किंवा वजने यांचा व्यायाम हवा. पन्नाशीनंतर तर तो अधिकच हवा, कारण वयानुसार स्नायू घटत जातात. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, थंड घाम अथवा अकारण धाप जाणवली, तर थांबावे आणि पित्त समजून घरी न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

आठवी पायरी: तीन महिन्यांनी फेरतपासणी

एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून त्याआधी ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. लिपिड प्रोफाइल सहा ते बारा आठवड्यांत बदल दाखवते. तेलाच्या कॅनवरील तारखा, कमरेचा घेर आणि हे दोन अहवाल एकत्र ठेवून पाहावेत. ट्रायग्लिसराइड आणि घेर उतरले, पण एलडीएल तसेच राहिले, तर आनुवंशिक कारणाचा विचार करावा लागतो आणि तेथे स्टॅटिनसारख्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाला आहार हा पर्याय ठरत नाही. बी१२ भरून येऊनही होमोसिस्टीन १५च्या वर राहिले, तर फोलेट, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. सारे काही खाली आले असेल, तर तेलाची मोजलेली वाटी तशीच चालू ठेवून पुढची तपासणी सहा महिन्यांनी करावी.